जुनी मर्सिडीज घरी सांभाळताय? मग या चुका टाळा

सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी गाडीखाली आडवा झालो की वरून कुणाचा तरी आवाज येतोच, "काय, परत बंद पडली का?" बंद पडलेली नसते. पण समजावत बसायला हात रिकामे नसतात.

गाडी १९९५ ची ई २२०, म्हणजे जाणकार जिला डब्ल्यू १२४ म्हणतात ती. १९९४ मध्ये मर्सिडीज बेंझने टेल्कोबरोबर (आजची टाटा मोटर्स) भागीदारीत भारतात कंपनी काढली आणि पुढच्याच वर्षी पिंपरीत टेल्कोच्या आवारात ही गाडी जुळवायला सुरुवात झाली. चाकणचा कारखाना फार नंतरचा, २००९ चा. त्यामुळे आमच्याकडे ही गाडी परदेशी असूनही थोडी गावातलीच.

आता ती वापरलेल्या हॅचबॅकच्या किमतीत मिळते आणि तिथेच लोक फसतात. विकणारा सांगतो, "साहेब, फक्त ऐंशी हजार चाललीय." चालली असेल. या गाडीचं लोखंड ऐंशी हजारांनी झिजत नाही, दोन-अडीच लाखांनीही नाही. जातं ते रबर, प्लास्टिक आणि वायरींवरचं वेष्टण. ते किलोमीटरवर नाही, वर्षांवर म्हातारं होतं. मी केलेल्या आणि इतरांना करताना पाहिलेल्या बहुतेक चुकांचं मूळ हेच आहे: आपण इंजिनावर संशय घेत बसतो आणि दोषी असतो एखादा तीस वर्षांचा रबरी तुकडा.

पार्ट बदलत बदलत निदान करणं

ही माझी सगळ्यात महागडी चूक. एका पावसाळ्यात गाडी सिग्नलला उभी असताना थरथरायला लागली. मध्येच एक झटका, मग ठीक, मग परत. एका गॅरेजवाल्याने प्लग बदलले. फरक नाही. मग कॉइल. मग एअर मास सेन्सर, "हाच असणार, शंभर टक्के." मीही मान डोलावली, पैसे मोजले. गाडी तशीच.

एका संध्याकाळी टॉर्च घेऊन मीच बॉनेट उघडलं. थ्रॉटलकडे जाणाऱ्या वायरींच्या जुडग्यावरची काळी नळी थोडी मागे सरकवली आणि आतली एक वायर बोटाने हलकी वाकवली. वेष्टण खारी बिस्किटासारखं फुटून हातात आलं. आत तांबं उघडं, शेजारच्या वायरीचंही तांबं उघडं, आणि दोघी एकमेकींना चिकटायच्या बेतात.

साधारण १९९२ ते १९९५ च्या काळात मर्सिडीजच्या इंजिनांवर जी वायरिंग बसली, तिच्या वेष्टणासाठी निसर्गात सहज विघटन होईल असा पदार्थ वापरला होता. हेतू चांगला होता. पण इंजिनाच्या उष्णतेत त्याचं विघटन भंगारात जाण्याआधी, गाडीतच व्हायला लागलं. वायरी एकमेकींना टेकल्या की सेन्सरचे आकडे चुकतात, गाडी झटके देते आणि नशीब वाईट असेल तर कंट्रोल युनिट, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, जळतं.

म्हणून या वयाची पेट्रोल गाडी घेतली असेल तर पहिल्या रविवारी हेच बघा. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. जुडग्याचं इंजिनाला सगळ्यात जवळचं टोक शोधा, कारण तिथे उष्णता जास्त. नळी दोन इंच सरकवा, वायर वाकवा. वेष्टण मऊ असेल आणि जागेवर राहिलं तर आधीच्या मालकाने वायरिंग बदललेली आहे. त्याला मनात धन्यवाद द्या. तडे गेले असतील तर वरून काळी टेप गुंडाळण्याच्या फंदात पडू नका. टेपखाली तेच वेष्टण भुगा होत राहतं, फक्त आता दिसत नाही. नवं जुडगं आणा, नाहीतर उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉन किंवा टेफलॉन वेष्टणाच्या वायरींनी एकेक वायर बदलून घ्या. एकेकच. एकदम सगळ्या कापल्या की कुठली कुठे होती हे देवालाही सांगता येत नाही. आधी मोबाइलवर फोटो काढा, मग कात्री उचला. थ्रॉटलच्या आतून निघणाऱ्या छोट्या वायरीही त्याच जातीच्या असतात, त्या विसरू नका.

आणि इंजिन धुवायला प्रेशरचं पाणी अजिबात नको. ज्या गाडीच्या वायरी उघड्या पडल्या असतील तिला ही अंघोळ शेवटची ठरू शकते.

अजून एक. बिघाडाचे कोड वाचणारा, ऑनलाइन मिळणारा स्वस्तातला ओबीडी स्कॅनर या गाडीला जोडताच येत नाही. ती त्या पद्धतीच्या आधीची आहे. बॉनेटखाली मर्सिडीजचं स्वतःचं सॉकेट आहे आणि त्यातून दिव्याची उघडझाप मोजून कोड वाचावा लागतो. सोपं आहे, पण शांतपणे मोजायला हवं.

फ्यूज न फिरवता इलेक्ट्रिशियनला फोन करणं

हॉर्न वाजत नाही, काच मध्येच थांबते, एक दिवा लागतो एक नाही. या गाडीत पानाचे फ्यूज नाहीत, जुन्या पद्धतीचे गोळीसारखे दोन्ही टोकांना निमुळते फ्यूज आहेत: पांढरा ८ अँपिअर, लाल १६, निळा २५. पट्टी अ‍ॅल्युमिनियमची असेल तर टोकांना पांढरी बुरशी चढते आणि फ्यूज शाबूत असूनही वीज पुढे जात नाही. बोटाने प्रत्येक फ्यूज जागेवरच दोन-चार वेळा फिरवा. अर्ध्या तक्रारी तिथेच संपतात. मग सवडीने तांब्याच्या पट्टीचे फ्यूज आणून सगळे बदला. दीड-दोन डझन फ्यूजचं काम, चहा थंड व्हायच्या आत होतं.

सेंट्रल लॉकचंही असंच. ते विजेच्या मोटरवर नाही, हवेच्या दाबावर चालतं. किल्ली फिरवल्यावर मागून पंप बराच वेळ घुरघुरत राहिला तर पंप खराब आहे असं समजून नवा आणू नका. कुठेतरी हवा गळतेय. दारं, डिकी, पेट्रोलचं झाकण, हवेच्या नळीची एकेक फांदी चिमटीत दाबून बघा. बहुतेक वेळा अंगठ्याएवढा रबरी जोड फाटलेला सापडतो.

थर्मोस्टॅट "काढून टाकणं"

"आपल्याकडे उन्हाळा आहे साहेब, थर्मोस्टॅटची गरजच नाही." हे वाक्य मी किती गॅरेजमध्ये ऐकलंय, मोजदाद नाही. थर्मोस्टॅट म्हणजे रेडिएटरची वाट उघडणारी झडप. तो ८७ अंशांना उघडतो आणि उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढून टाकला की गरम पाण्याचा एक भाग रेडिएटरकडे न जाता तसाच इंजिनात परत फिरतो. म्हणजे हिवाळ्यात सकाळी इंजिन धड तापत नाही आणि मे महिन्यात कात्रजचा घाट चढताना नको तितकं तापतं.

तापमानाचा काटा ट्रॅफिकमध्ये १०० च्या आसपास जाऊन पंखा लागल्यावर खाली येणं हे या गाडीचं नेहमीचं वागणं. त्याला घाबरून पार्ट काढत बसू नका. तो खाली येतच नसेल तर मात्र गाडी बाजूला घ्या, आणि कूलंटच्या टाकीचं झाकण गरम असताना उघडू नका.

बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये ओतणं हा दुसरा प्रकार. आमच्या भागातल्या बोअरच्या पाण्याने किटलीत जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या केसासारख्या नळ्यांत बसतो. एमबी ३२५.० हा दर्जा लिहिलेला कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, निम्मं-निम्मं. पाइप काढताना वरच्या प्लास्टिकच्या तोंडाला पिळू नका. जुन्या रेडिएटरचं हे तोंड पापडासारखं ठिसूळ होतं आणि एका हिसक्यात हातात येतं. पाइप बसून गेला असेल तर तो लांबीला चिरून काढा. पाइप स्वस्त आहे.

जॅकवर भरवसा ठेवणं

इथे घाई जिवावर बेतते, म्हणून थोडं थांबतो. या गाडीचा पार्किंग ब्रेक पायाने दाबायचा आहे आणि तो फक्त मागची चाकं धरतो. ऑटोमॅटिकचं 'पी' सुद्धा मागचीच चाकं धरतं. तुम्ही मागची बाजू जॅकने उचललीत की गाडी मोकळी! पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावल्याशिवाय हँडलला हात लावायचा नाही. वीट नको, वीट फुटते. आणि उचलून झालं की घोड्या, म्हणजे गाडी पेलणारे लोखंडी स्टँड, लावायच्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकंसुद्धा घालायचं नाही.

जॅक कुठे लावताय तेही बघा. खालच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांमागे माती आणि पाणी साचून जॅकची जागा आतून गंजलेली असू शकते. गाडी रत्नागिरी किंवा गोव्याकडून आलेली असेल तर पट्टी काढून बोटाने दाबून बघितल्याशिवाय उचलू नका.

चाकाचे बोल्ट १७ च्या पान्याचे, ११० न्यूटन मीटरला आवळायचे, तेही टॉर्क रेंचने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने. पंक्चरवाल्याच्या गनने नाही. अलॉय चाकांचे बोल्ट लांब असतात, लोखंडी स्टेपनीचे आखूड. स्टेपनी लावताना आखूड बोल्ट वापरायचे आणि अलॉयला ते कधीही नाहीत.

बुश हवेत आवळणं

सस्पेन्शनच्या सांध्यांतले नवे रबरी बुश टाकले आणि वर्षाच्या आत परत फाटले, अशी तक्रार आली की मी एकच प्रश्न विचारतो: बोल्ट आवळले तेव्हा गाडी कुठे होती? उत्तर ठरलेलं, "वर."

रबरी बुशच्या आतली नळी बोल्ट आवळल्यावर जागेवर घट्ट होते आणि रबर पिळ खात खात काम करतं. चाक हवेत लोंबत असताना आवळलं तर लोंबती अवस्था हीच रबराची 'सरळ' अवस्था ठरते. मग गाडी खाली उतरवली की उभ्या उभ्याच ते पिळलेलं. त्यामुळे बोल्ट आधी नुसते हाताने बसवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, पुढे-मागे ढकलून बसू द्यायची आणि मग शेवटचं आवळायचं.

पुढची स्प्रिंग मात्र घरी काढू नका. ती शॉकअपपासून वेगळी बसते आणि तिला आतून दाबणारं खास अवजार लागतं. बाजारातल्या हुकवाल्या अवजाराने प्रयत्न करणारे शूर लोक मी पाहिलेत. मी तेव्हा भिंतीच्या दुसऱ्या बाजूला होतो.

गिअर ऑइल थंड गाडीत मोजणं

डिपस्टिकवर तेल खाली दिसलं म्हणून अर्धा लिटर ओतलं, मग फेस आणि गळती. ऑटोमॅटिकचं तेल इंजिन चालू ठेवून, 'पी' मध्ये, गाडी नीट गरम झाल्यावर मोजायचं. खुणा ८० अंशांच्या तेलासाठी आहेत. पुसायला जुन्या बनियनचं फडकं नको, एक धागा आत गेला तरी व्हॉल्व्हमध्ये अडकतो. तेल बदलताना नुसता गिअर बॉक्सखालचा पॅन रिकामा करू नका. इंजिन आणि गिअर बॉक्सला तेलातून जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरलाही ड्रेन प्लग आहे, त्यात बरंच जुनं तेल उरतं.

पावसाळ्याआधी पानं न काढणं

काचेखालच्या जाळीत गुलमोहराची बारीक पानं साचतात, निचऱ्याची भोकं बुजतात आणि पहिल्याच मोठ्या पावसात पाणी पायाशी किंवा ब्लोअरमध्ये. त्याच बाजूला कंट्रोल युनिटची पेटी आहे. मे महिन्यातच साफ करा. गाडीला वायपर एकच आहे, पण तो मध्ये आखडत आणि कोपऱ्यांकडे लांब होत जवळजवळ सगळी काच पुसतो. त्याच्या यंत्रणेला दोन-तीन वर्षांतून ग्रीस लागतं, नाहीतर आतले दाते जातात.

एसीचा गॅस दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर भरणं थांबवा आणि गळती शोधा. कूलिंग कॉइल फुटली असेल तर अख्खा डॅशबोर्ड काढावा लागतो. हे काम घरी करायचं नाही, अगदी सुट्टी असली तरी.

नंबर न बघता पार्ट आणणं

नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या भंगारात "ई क्लासचा द्या" म्हणालात तर जे मिळेल ते तुमचं नशीब. जुन्या पार्टवरचा नंबर उतरवून न्या. १२४ ऐवजी २०१ ने सुरू होणारा नंबर दिसला तर दुकानदाराशी भांडू नका. मागचं सस्पेन्शन १९० या धाकट्या मर्सिडीजवरून आलेलं आहे, २०१ हा तिचाच नंबर, त्याचे कितीतरी पार्ट दोघींना सारखेच. लेमफोर्डर, बॉश, बेर, साक्स ही नावं चालतील. पण नावाचं खोकं आणि आतला माल एकच आहे का, हे उघडून बघा.

रबरावर सुरुवात केली होती, परत तिथेच येतो. २०२५ पासून पंपावर सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. ही गाडी बनली तेव्हा त्याचा विचार कुणी केला नव्हता. पेट्रोल पंप आणि फिल्टर मागच्या उजव्या चाकाच्या पुढे, गाडीखाली आहेत. तिथले रबरी पाइप वाकवून बघा, वास घ्या. तडे दिसले तर त्याच आठवड्यात इथेनॉल सोसणारे पाइप टाका. टाकी निम्मी ठेवून गाडी महिनोन्‌महिने उभी करू नका, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. ब्रेक ऑइलचंही तेच, म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचं. मी ब्रेक ऑइलच्या टाकीवर मास्किंग टेप लावून तारीख लिहितो.

रोज रात्री गाडीखाली मी एक पुठ्ठा सरकवतो, टीव्हीच्या खोक्याचा. सकाळी तो वाचायचा. तपकिरी थेंब इंजिनाचा, निळसर कूलंटचा, नुसतं पाणी एसीचं. आज सकाळी मधोमध, गिअर बॉक्सच्या बरोबर खाली, लाल थेंब होता. एकच. पॅनचं पॅकिंग कपाटात आणून ठेवलंय, रविवारी बघतो.