पेरणीच्या दिवसांत बांधावरची धामण जपा

मृगाचा पाऊस झाला की वाळवा, शिराळा, कराड, पाटण भागात सोयाबीन-भुईमुगाची पेर सुरू होते आणि उंदीर तासातलं बियाणं उकरून खायला लागतात. त्यांच्या मागावर बांधावर धामण दिसते. पिवळसर-तपकिरी, सात-आठ फुटांपर्यंत वाढणारी, चपळ. दिसली की माणूस काठी शोधतो. कृपा करून मारू नका, तिला विष नाही. ती गाई-म्हशींचं दूध पिते, तिचं शेपूट लागलं की अंग सडतं, हे दोन्ही साफ खोटं आहे.

मांजर बिळाच्या तोंडाशी वाट बघत बसतं, धामण थेट आत शिरते. ती विळखा घालून मारत नाही. उंदराला बिळाच्या भिंतीशी अंगानं दाबून धरते आणि बहुतेकदा जिवंतच गिळते.

जवळून पाहिलं तर डोळा मोठा, बाहुली गोल, ओठांवर काळ्या रेघा, शेपटीकडे आडवे काळसर पट्टे. कोंडीत सापडली की गळा फुगवून घुमते, चावतेही. पण फणा न काढलेला नाग लांबून असाच दिसतो, तेव्हा खात्री नसेल तर मागे सरा आणि वाट द्या. धामण दिवसा फिरते. रात्री मोटार चालू करायला जाताना पायाखाली येईल ती घोणस किंवा मण्यार असू शकते. बॅटरी आणि गमबूट हवेतच.

दोन धामणी पिळा घालून उभ्या राहिल्या तर ती बहुतेक नरांची झुंज असते. त्यांच्यावर उपरणं टाकायला जाऊ नका.

उकिरडा उपसताना पांढरी, मऊ कवचाची अंडी सापडली तर हात लावू नका, ती नागाचीही असू शकतात. फावड्यानं खत परत ओढून झाका. धामणीची पिल्लं साधारण दोन महिन्यांनी बाहेर पडतात.

उंदरांसाठी ब्रोमॅडिओलोन ठेवत असाल तर मेलेले उंदीर रोज वेचून खोल पुरा. औषध उंदराच्या अंगात राहतं आणि तो खाणाऱ्या धामणीच्या, घुबडाच्या पोटात जातं. तासगावकडच्या द्राक्षबागांत पक्ष्यांसाठी लावलेली नायलॉनची जाळी जमिनीवर लोळू देऊ नका, धामण तिच्यात अडकून तडफडत मरते. खालची कड वीतभर वर बांधा.

कुठलाही साप चावला तर कापू नका, आवळून बांधू नका. हात-पाय हलू न देता १०८ ला फोन करा आणि सरकारी दवाखाना गाठा.