हातातला कॉम्प्युटर आणि सोलापूरचा उन्हाळा: या चुका टाळा

स्टीम डेक, म्हणजे हातात धरून गेम खेळायचं वॉल्व्ह कंपनीचं यंत्र, घेतला तेव्हा पहिले तीन महिने मी त्याला मोठा मोबाइलच समजत होतो. दिसतोही तसाच. पण आत लिनक्सवर (विंडोजसारखीच एक सिस्टीम) चालणारा अख्खा कॉम्प्युटर आहे, पंख्यासकट. माझ्या बहुतेक चुका या एका गैरसमजातून झाल्या.

सगळ्यात मोठी चूक चादरीची. सोलापूरकराच्या पलंगावर चादर असणारच, आणि दुपारी आडवं पडून खेळताना डेक मी थेट तिच्यावर टेकवायचो. डेक पाठीमागच्या जाळीतून हवा आत ओढतो आणि वरच्या कडेने गरम हवा बाहेर टाकतो. पाठ चादरीत रुतली की त्याचा जीव गुदमरलाच. पंखा अचानक घरघरायला लागला, गेम अडखळायला लागला, तर गेमला शिव्या घालण्याआधी मागची जाळी बघा. माझ्या जाळीत चादरीच्या सुताचे तंतू गुंतून चक्क नमद्यासारखा थर झाला होता. मशीन पूर्ण बंद करून मऊ, कोरड्या ब्रशने तो निघाला. तोंडाने फुंकू नका, थुंकी आत जाते.

त्यात आपला उन्हाळा. कंपनीच्या हिशेबाने डेक भोवतालच्या ३५ अंशांपर्यंत वापरायचा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी सहज ओलांडतो. अशा वेळी मशीन संथ झालं म्हणजे बिघडलं असं नाही, ते वेग कमी करून स्वतःला वाचवत असतं. तीन ठिपक्यांचं बटण दाबा, बॅटरीच्या खुणेवर जा, फ्रेमची (सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याची) मर्यादा ४० करा आणि टीडीपी, म्हणजे चिपला मिळणाऱ्या विजेची मर्यादा, १५ वॅटवरून ८-९ वर आणा. उष्णता घटते, बॅटरीही जास्त पुरते. जड गेम रात्रीसाठी ठेवा. गार करायला फ्रिजमध्ये ठेवण्याची अक्कल मात्र चालवू नका, बाहेर काढल्यावर आत दव धरतं. कूलरच्या ओल्या झोतासमोरही नको.

चार्जरचा घोळ तर घरोघरी. ‘मोबाइलचा चार्जर ६७ वॅटचा आहे, तरी डेक स्लो चार्जिंग का म्हणतो?’ कारण ते ६७ वॅट बहुधा त्या मोबाइलच्या स्वतःच्या भाषेतले असतात. डेकला यूएसबी-पीडी (पॉवर डिलिव्हरी) ही सगळ्या कंपन्यांची सामाईक चार्जिंग पद्धत कळते, आणि त्यातले ४५ वॅट लागतात. वायरही दोन्ही टोकांना सी हवी. एका टोकाला जुनी चपटी पिन असेल तर चार्जर कितीही दणकट असो, उपयोग नाही. पॉवर बँक घेतानाही पीडी ४५ वॅट लिहिलेलं बघा. २०,००० एमएएच म्हणजे साधारण ७४ वॅट-तास. एलसीडी पडद्याच्या डेकची बॅटरी ४० वॅट-तासांची, म्हणजे वाटेतली गळती धरून दीड वेळा भरेल.

सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला निघालात आणि कुर्डुवाडीच्या आसपास कळलं की गेम इंटरनेट मागतोय, असं माझं झालंय. घरी वायफायवर असतानाच गेम एकदा सुरू करून बघा, मग ऑफलाइन मोडवर टाका.

मेमरी कार्ड स्वस्तात मिळालं म्हणून मी घेतलं. निम्मं भरल्यावर गेम उघडेनात. बनावट होतं. नवं कार्ड आधी कॉम्प्युटरवर पूर्ण भरून तपासा. आणि डेकने फॉरमॅट केलेलं कार्ड विंडोजला दिसत नाही, ते खराब समजून फेकू नका.

डेस्कटॉप मोड, म्हणजे डेक साध्या कॉम्प्युटरसारखा वापरायची सोय, मला गेमपेक्षा जास्त आवडतो. ब्लूटूथ कीबोर्ड जोडून घरचा हिशेब मी त्यावरच लिहितो. तिथली चूक लिनक्स येणारेच करतात: टर्मिनलमध्ये (हुकूम टाइप करायच्या खिडकीत) पॅकमन या साधनाने सॉफ्टवेअर टाकायचं. पुढच्या अपडेटला ते पुसलं जातं, कारण सिस्टीमचा भाग वाचण्यापुरताच खुला असतो आणि अपडेटमध्ये तो अख्खा बदलला जातो. लिब्रेऑफिस वगैरे डिस्कव्हर या तिथल्या अॅप-दुकानातून घ्या, ते टिकतं. मराठीसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठीचा लेआउट जोडा.

राहिली शेंगा चटणी. कडक भाकरी मोडत खेळायचा मोह मलाही होतो, पण चटणीचं तेल ट्रॅकपॅडला लागलं की कर्सर हवा तिथे जात नाही, आणि तिखटाची पूड स्टिकच्या खोबणीत शिरते. हात न लावता पात्र एका बाजूला सरकत असेल तर आधी ती खोबण कोरड्या ब्रशने साफ करा, मग कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये जाऊन स्टिकचा डेडझोन (स्टिक किती हलेपर्यंत दुर्लक्ष करायचं ती मर्यादा) थोडा वाढवा.