मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर थेंबांचा घोळ होऊ नये म्हणून

मोतीबिंदूचं ऑपरेशन अर्ध्या तासात उरकतं, पेशंट त्याच दिवशी घरी. खरी कटकट पुढे काही आठवडे चालणाऱ्या थेंबांची. दोन-तीन बाटल्या, सगळ्या सारख्याच पांढऱ्या, त्यावरची अक्षरं मुंगीएवढी. आणि ती वाचायची कुणी, तर ज्याचा डोळा झालाय त्यानेच!

१. बाटल्या घरी आल्या की प्रत्येकीला वेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावा आणि मार्करने ठळक १, २, ३ लिहा.

२. एखादा थेंब दर आठवड्याला कमी करत न्यायचा असतो. डिस्चार्ज कार्ड बघून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात रोज किती वेळा ते आधीच मांडून ठेवा, उदा. '१ - ||||'. थेंब टाकला की एक रेघ खोडायची. दुपारी सून आणि रात्री मुलगा थेंब घालत असेल तर विचारपूसही लागत नाही.

३. दोन वेगळ्या थेंबांत निदान ५ मिनिटं जाऊ द्या, नाहीतर पहिला वाहून जातो. हात धुऊन घ्या; बाटलीचं टोक पापणीला टेकू देऊ नका.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन घ्या, नंतर काही दिवस ते बंद. जाताना पुढून बटणांचा शर्ट किंवा गाऊनच घाला. डोळ्यावर पट्टी असताना डोक्यातून टी-शर्ट काढणं म्हणजे कसरत.

डोळा ठणकायला लागला, लालभडक झाला किंवा दिसणं कमी झालं, तर सकाळ व्हायची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.