हॉल सजवण्याआधी त्यात कोण कुठे बसतं ते बघा

माझ्याकडे येणारं गिऱ्हाईक पहिल्याच भेटीत मोबाइल पुढे करतं. त्यात ढीगभर फोटो असतात: पांढराशुभ्र सोफा, काचेचा टीपॉय, कोपऱ्यात पितळी दिवा, आणि अख्ख्या खोलीत एकही माणूस नाही. मी फोटो बघते, छान आहेत म्हणते आणि विचारते, "तुमच्या घरी संध्याकाळी सात वाजता कोण कुठे बसलेलं असतं?" बहुतेकांना वाटतं मी गप्पा मारतेय. पण हॉलचं निम्मं डिझाइन त्या उत्तरात असतं.

एका घराच्या आधारानेच सांगते. कोथरूडमधली जुनी सोसायटी, टू-बीएचके, हॉल १० बाय १७ फूट, पश्चिमेच्या टोकाला बाल्कनीचं सरकतं दार. घरात आजी, मुलगा-सून आणि आठवीतली नात. सात वाजता आजी मालिका बघतात. नात सोफ्यावर पाय वर घेऊन अभ्यास करते, म्हणजे आईला तसं सांगते. सुनेच्या स्वयंपाकघरातून फेऱ्या चालू असतात आणि मुलगा दाराशी एका पायावर उभा राहून बूट काढत असतो. झालं, यादी तयार: आजींना हात टेकून उठता येईल अशी खुर्ची, नातीला लोळायला जागा, मधून चालायला मोकळी वाट आणि दाराशी टेकायला एक बाकडं. झुंबराचं नाव यात कुणी काढलं नव्हतं.

सुताराला बोलावण्याआधी रद्दी बाहेर काढा. जो सोफा घ्यायचा मनात आहे त्याच्या मापाचे पेपर जमिनीवर चिकटपट्टीने लावा. टीपॉयचे वेगळे, टीव्ही युनिटचे वेगळे. मग दोन-तीन दिवस त्या पेपरांना वळसा घालून घरात वावरा. पेपरवर पाय पडत राहिला तर तिथे फर्निचर येता कामा नये. चालायची वाट किमान ३० इंच हवी, घरात वॉकर असेल तर ३६. सोफ्यापासून टीपॉय १५ ते १८ इंचांवर. त्याहून जवळ ठेवलात तर नडग्या फुटतात, लांब ठेवलात तर कप ठेवायला दरवेळी उठावं लागतं.

१० फूट म्हणजे १२० इंच. कोथरूडच्या हॉलमध्ये हिशेब असा बसला: सोफा ३४, मध्ये १६, टीपॉय २०, वाट ३२, समोर टीव्ही युनिट १५. बेरीज ११७. उरलेले तीन इंच स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची पट्टी) आणि भिंतीच्या वाकडेपणाला जातात. (भिंत वाकडी असतेच. बिल्डरचा नकाशा सरळ असतो.) आता यात ४० इंच खोल सोफा कुठे बसवणार? दुकानात तो शोभतो, कारण दुकान मोठं असतं. आणि पैसे देण्याआधी लिफ्टचं दार, जिन्याचं वळण आणि आपलं मुख्य दार मोजा. एल आकाराचा सोफा घेणार असाल तर तो दोन तुकड्यांत सुटतो का ते विचारा. न सुटणारा सोफा चौथ्या मजल्यावर दोराने चढवताना बघण्यात फक्त शेजाऱ्यांना मजा येते.

सोफ्यावर जरा जास्त वेळ घालवणार आहे, कारण घरातले सगळ्यात जास्त पैसे तिथे जातात आणि लोक तो रंग बघून घेतात. दुकानात सोफ्यावर नुसतं टेकू नका, पाठ टेकवून दहा मिनिटं बसा. सेल्समन बघत असेल तर बघू दे. पाठ टेकल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण लागले पाहिजेत आणि सीटची कड गुडघ्यामागे रुतता कामा नये. पाच-सव्वापाच फूट उंचीच्या बाईला सीटची खोली २० ते २१ इंच पुरते. हल्ली २४ इंच खोल सीटची फॅशन आहे. त्यावर बसलं की एकतर पाय लटकतात किंवा पाठीमागे तीन उशा कोंबाव्या लागतात. उंची १७ ते १८ इंच ठीक, आणि ती बसल्यावर फोम दबतो तेव्हाची धरायची, रिकाम्या सोफ्याची नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला १९ इंच द्या, आणि हात टेकायला दोन्ही बाजूंना लाकडी, घट्ट हात. आजींसाठी आम्ही सोफ्यात जागा शोधलीच नाही. त्यांची जुनी सागवानी हाताची खुर्ची माळ्यावर होती. ती उतरवली, पॉलिश केली, नवी गादी शिवली आणि सीट दीड इंच उचलली. आता हॉलमधली सगळ्यात देखणी वस्तू तीच आहे.

फोमबद्दल दुकानदार "हार्ड" आणि "सॉफ्ट" एवढंच सांगतो. तुम्ही डेन्सिटी विचारा. एका घनमीटर फोमचं किलोमधलं वजन म्हणजे डेन्सिटी, तिचा मऊ-कडकपणाशी थेट संबंध नाही. डेन्सिटी चांगली असली तर मऊ सोफाही लवकर खड्डा धरत नाही. सीटला ४०, पाठीला २८ ते ३२, आणि हे आकडे बिलावर लिहून घ्या. घरीच सोफा बनवत असाल तर फोम ठोकण्याआधीचा सांगाडा स्वतः बघा, फोटो काढून ठेवा. कापड चढल्यावर आत काय आहे ते सुतार आणि देव जाणे. कापडाचे अभ्रे चेन लावून निघणारे हवेत. पुण्यातल्या धुळीत आणि आठवीतल्या मुलीच्या मॅगीत न निघणारं कापड टिकत नाही. कृत्रिम लेदर उन्हाळ्यात मांडीला चिकटतं, काही वर्षांत पापुद्रे सुटतात. मी ते सुचवत नाही. मुंबईत किंवा कोकणात राहत असाल तर खऱ्या लेदरचाही मोह आवरा, पावसाळ्यात बुरशी धरते. तिथे बाहेरच्या भिंतीपासून फर्निचर दोन इंच पुढे ओढून ठेवा, हवा खेळली पाहिजे.

दुसरा सोफा घेण्याऐवजी दिवाण करा, हे मी प्रत्येक घरात सांगते आणि अर्ध्या घरांत ऐकलं जातं. ६ फूट बाय अडीच फूट, खाली खण, वर चार इंचांची कापसाची गादी, मागे दोन लोड. नात लोळते, दुपारी आजी आडव्या होतात, नागपूरचे काका आले की रात्री तिथे झोपतात, आणि पाहुण्यांच्या गाद्यांवरच्या चादरी खालच्या खणांत राहतात. कापसाची गादी बसली की पिंजून पुन्हा भरता येते, फोमला ती सोय नाही. लोडांना चोळीच्या खणाचे अभ्रे शिवा. खणाचा पन्हा लहान असतो, त्यामुळे दोन तुकडे जोडताना काठ मध्ये घ्यावा, जोड नक्षीसारखा दिसतो. मात्र एका खोलीत खण एकाच ठिकाणी. दिवाणावर खण, पडद्याला खण, टीपॉयवर खणाचा रनर असं झालं की हळदीकुंकवाचा मांडव वाटतो.

आता दिवे. हॉल बिघडवायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे छताच्या मधोमध पांढराफटक दिवा. बल्बच्या खोक्यावर ६५०० के (केल्विन, उजेडाच्या रंगाचं माप; आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर) लिहिलेलं असेल तर तो स्वयंपाकघरात किंवा जिन्यात लावा. हॉलसाठी ३००० के, आणि खोलीभर एकाच जातीचे. एक पिवळसर, एक निळसर असं झालं की भिंतीचा रंग दोन्हीकडे वेगळा दिसतो. एका मोठ्या दिव्यापेक्षा तीन-चार लहान दिवे वेगवेगळ्या उंचीवर ठेवा. आजींच्या खुर्चीमागे उभा दिवा, कारण सत्तरीतल्या डोळ्यांना वाचायला आपल्यापेक्षा पुष्कळ जास्त उजेड लागतो. दिवाणाशेजारी भिंतीवर एक. टीव्हीच्या मागच्या भिंतीवर मंद उजेड, म्हणजे अंधारात पडदा डोळ्यांत खुपत नाही. प्रत्येकाला वेगळं बटण, आणि मुख्य दिव्याचं बटण दारात शिरताच हाताला लागेल असं.

फॉल्स सीलिंगला माझा सरसकट विरोध नाही, पण साडेनऊ फुटांच्या छतातून सहा इंच पीओपीला देऊन काय मिळतं ते आधी स्वतःला विचारा. आणि केलंच तर पंख्याची जागा पहिली ठरवा. स्पॉटलाइट पात्यांच्या वर आला की फिरती पाती त्याचा उजेड सतत कापतात आणि खाली बसलेल्याच्या डोळ्यांपुढे लुकलुक चालू होते. डोकं दुखतं, कारण कळत नाही. १२०० मिलिमीटरच्या पंख्याच्या मध्यापासून तीन फूट तरी दिवे लांब ठेवा. पाती जमिनीपासून ७ फुटांच्या खाली नकोत. १७ फूट लांबीच्या हॉलला एक पंखा पुरत नाही, दोन हवेत. नाहीतर मेमध्ये सगळं घर एकाच पंख्याखाली गोळा होतं आणि तुम्ही आखलेली बैठक व्यवस्था मोडीत निघते.

पश्चिमेचं ऊन ही कोथरूडच्या हॉलची खरी डोकेदुखी होती. काचेच्या आत कितीही जाड पडदा लावा, ऊन काच ओलांडून आलेलं असतं, गरम होणारच. म्हणून बाल्कनीत, काचेच्या बाहेर, बांबूचे चिक लावले. दुपारी तीनला खाली सोडायचे, सहाला वर. आतून दोन दांडे: एकावर पातळ सुती पडदा, दुसऱ्यावर अस्तर लावलेला जाड. दांडा चौकटीच्या कडेवर ठोकू नका, सहा इंच वर आणि दोन्ही बाजूंना आठ इंच बाहेर घ्या. पडदा उघडल्यावर काच झाकली जात नाही आणि खिडकी मोठी वाटते. कापड रुंदीच्या दुप्पट तरी हवं. शिंपी दीडपट म्हणाला तर ऐकू नका, बंद केल्यावर पडदा चादरीसारखा ताणून दिसतो. सुती कापड शिवण्याआधी धुऊन आटवून घ्या.

भिंतींच्या रंगावर लोक महिनाभर भांडतात. किंचित पिवळसर पांढरा, मॅट, धुता येणारा. पुढे.

लाकूड मात्र जपून. बिल्डरचं दार सागवानी व्हेनियरचं, टीव्ही युनिटवर अक्रोडाच्या रंगाचं सनमायका, सोफ्याचे पाय काळे, असा हॉल कितीही महाग असला तरी गोदाम वाटतो. खोलीत आधीच कुठलं लाकूड आहे ते बघा आणि बाकीचं त्याच्या जवळपास आणा, नाहीतर नवं सगळं भिंतीच्या रंगात मिसळून टाका. प्लायचं काम असेल तर भारतीय मानकाचा शिक्का बघा: आयएस ३०३ साधारण कामाला चालतो, बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर आयएस ७१०, म्हणजे मरीन प्लाय. वडिलोपार्जित पितळ एका वेळी एकच काढा. घंगाळ, समई आणि अडकित्ता एकाच फळीवर आले की बघणारा किंमत विचारतो.

एक गोष्ट कुठल्याच फोटोत नसते. भाद्रपदात गणपती कुठे बसणार? चार फूट मोकळी भिंत, तिथे जमिनीपासून दीड फुटावर ६ अँपिअरचा सॉकेट, आणि समोर आरतीला दहा माणसं उभी राहतील एवढी जमीन. हे वायरिंगच्या वेळीच ठरवलं तर दरवर्षी एक्स्टेंशन बोर्डची वायर वाटेत पडत नाही. कोथरूडच्या घरात दाराजवळच्या बाकड्याची जागा त्यासाठी ठरली. बाकडं उचलून बाल्कनीत जातं, टीपॉय सरकवला की त्यावरच मखर. म्हणून टीपॉय काचेचा नको, आणि एकट्या माणसाला उचलता येईल इतकाच जड.

कामाचा क्रम: आधी वायरिंग, मग सुतार, मग रंगाचे पहिले दोन हात, मग सोफा. रंगाचा शेवटचा हात सोफा आत आल्यावर, कारण हमाल भिंतीला तो घासतातच. पडद्यांचं माप सगळ्यांत शेवटी, आणि सतरंजी त्याच्याही नंतर. ५ बाय ८ ची, सोफ्याचे पुढचे पाय तिच्यावर येतील अशी, सुती, मशीनमध्ये मावणारी.