कॅनडातल्या फर्स्ट नेशन्सच्या, म्हणजे मूळनिवासी समाजांच्या शाळांमधला सकाळचा नाश्ता: या चुका टाळा

पातेल्यात ओट्स उरलेत आणि वर्गात मुलं उपाशी, असं दिसलं की बहुतेक जण दोष पदार्थाला देतात. पदार्थ बदलण्याआधी घड्याळ बघा. नाश्ता आठ ते साडेआठ, बस आठ पस्तीसला आणि घंटा पावणेनऊला, असं वेळापत्रक असेल तर कितीही चांगला पदार्थ उरणारच. कॅनडाच्या उत्तरेकडच्या वस्त्यांत हिवाळ्यात बसला उशीर होतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी नाश्ता घंटेच्या आधीच ठेवला जातो. तो घंटेनंतर वर्गातच द्या. पहिल्या तासाची दहा-पंधरा मिनिटं पुरतात. त्याहूनही उशिरा येणाऱ्यांसाठी उकडलेली अंडी, चीज आणि केळी यांचा डबा कार्यालयात दहापर्यंत राहू द्या. अंडी-चीज फ्रिजमध्ये, आणि उशीर का झाला हे मूल खाऊन झाल्यावर विचारा.

मोठी मुलं येत नाहीत, याचं कारण वेगळं आहे. नाश्त्याची खोली निराळी असली, दारात यादी घेऊन कोणी उभं असलं, की तिथे जाणं म्हणजे ‘आमच्या घरी खायला नाही’ असं चारचौघांत सांगणं होतं. यादी काढून टाका. सगळ्यांना द्या, शिक्षकांनीही मुलांबरोबर खावं. हिशेबासाठी ताटं मोजा, नावं नकोत.

ओट्सचं गणितही सकाळीच चुकतं. ६० मुलांना माणशी अर्धा कप, म्हणजे ४० ग्रॅम धरले तर २ किलो ४०० ग्रॅम ओट्स आणि १५ लिटर पाणी लागतं. घरगुती विजेच्या शेगडीच्या एका बर्नरवर एवढं पाणी उकळायला तासभर लागतो. मग घाईत अर्धवट तापलेल्या पाण्यात ओट्स पडतात, तळाला लागतात आणि वर कच्चे राहतात. दोन पातेल्यांत साडेसात-साडेसात लिटर, वर झाकण ठेवून, दोन बर्नरवर लावा. अर्ध्या तासात उकळतं. शिजलेलं अन्न वाढेपर्यंत ६० अंश सेल्सिअसच्या वर राहायला हवं. झाकणाचा थर्मास डबा त्यासाठीच घ्यायचा. थर्मामीटर मात्र स्वतंत्र हवा, बोटाचा अंदाज इथे चालत नाही.

पाण्याबाबतची चूक सर्वांत महागात पडते. अनेक वस्त्यांत ‘पाणी उकळून प्या’ ही सूचना वर्षानुवर्षं लागू असते. ओन्टारिओतल्या नेस्कांटागा इथे ती १९९५ साली लागली आणि पाव शतक उलटलं तरी उठली नव्हती. अशा ठिकाणी ओट्सचं पाणी उकळतंच, त्याची काळजी नाही. घोटाळा होतो तो फळं धुताना, सरबत कालवताना, दुधाची भुकटी मिसळताना आणि कप विसळताना. पाण्याला खळखळून उकळी फुटल्यावर पूर्ण एक मिनिट उकळू द्या. कॉफीचं यंत्र किंवा गाळणीचा जग याला पर्याय नाही. भांडी धुऊन झाल्यावर लिटरभर पाण्यात ५ टक्क्यांचं, बिनवासाचं घरगुती ब्लीच २ मिलिलिटर घालून त्यात दोन मिनिटं बुडवा आणि न पुसता निथळू द्या. सूचना ‘पाणी पिऊ नका’ अशी असेल तर उकळून काहीच साधत नाही, कारण त्यामागे बहुधा रसायनं असतात. तेव्हा बाहेरून आणलेलं पाणीच वापरा. दारावरचा कागद नीट वाचा, दोन्ही सूचना दिसायला सारख्याच असतात.

दहा-साडेदहाला पोट दुखतं म्हणून तीच तीच मुलं घरी जायला मागत असतील, तर ते शाळा टाळण्याचं निमित्त समजू नका, दुधाकडे बघा. मूळनिवासी समाजांत वय वाढेल तसं दुधातली साखर न पचण्याचं प्रमाण बरंच असतं. ओट्स पाण्यातच शिजवा, दूध टेबलावर वेगळं ठेवा. शेजारी लॅक्टोजविरहित दूध किंवा कॅल्शियम घातलेलं सोया दूध असू द्या. जुनवलेल्या चेडर चीजमध्ये लॅक्टोज जवळजवळ नसतं, ते बहुतेकांना चालतं.

‘ताट संपव’ असा आग्रह करू नका, आणि नाश्त्याचा परिणाम दाखवायला मुलांची वजनं तर मुळीच घेऊ नका. १९४८ ते १९५२ या काळात सहा निवासी शाळांतल्या, म्हणजे सरकार आणि चर्चने घरापासून तोडून ठेवलेल्या मूळनिवासी मुलांवर पालकांना न विचारता आहाराचे प्रयोग झाले. एका शाळेत दूध दोन वर्षं मुद्दाम कमी ठेवलं होतं. त्या शाळांत शिकलेले आजी-आजोबा आजही गावात आहेत. शाळेत अन्न आणि वजनकाटा एकत्र दिसला की त्यांना काय आठवत असेल, हे वेगळं सांगायला नको. पदार्थांची यादी कायम करण्याआधी वडीलधाऱ्यांना स्वयंपाकघरात बोलवा, चव घ्यायला नव्हे तर ठरवायला. बॅनक रोटी कशी हवी, कोणत्या बेरी आणि कधी, मासा कुठल्या तळ्यातला, हे त्यांनाच माहीत असतं.

मूस किंवा कॅरिबू या उत्तरेकडच्या मोठ्या हरणांचं मांस ठेवणार असाल तर आधी स्थानिक पर्यावरण-आरोग्य अधिकाऱ्याला विचारा. शिकारीचं मांस शाळेत वाढण्याचे नियम प्रांताप्रांतात वेगळे आहेत. परवानगी मिळाली म्हणजे काम झालं, असंही नाही. गोळी लागलेल्या जागेभोवतीचं मांस भरपूर काढून टाका, शिशाचे बारीक कण डोळ्यांना दिसत नाहीत आणि खिम्यात सगळीकडे पसरतात. पिशवीवर प्राणी, तारीख आणि शिकाऱ्याचं नाव लिहा. मांस मधोमध ७४ अंशांपर्यंत शिजवा. अस्वल आणि वॉलरस यांच्याबाबत ‘गोठवलंय, म्हणजे जंत मेले’ हा समज धोक्याचा आहे: उत्तरेकडच्या ट्रायकिनेला जंतांची जात गोठणही सोसते.

शेवटचा प्रश्न सोमवारी सकाळचा. शनिवार-रविवारी वीज जाऊन आली आणि फ्रीझर पुन्हा गार झाला, तर मधे काय घडलं ते कळणार कसं? शुक्रवारी कपभर पाणी फ्रीझरमध्ये गोठवा, वर एक नाणं ठेवा. सोमवारी नाणं बर्फावरच असेल तर माल वापरा. ते तळाशी गोठलेलं सापडलं, तर मांस, अंडी, दूध सगळं टाकून द्या आणि त्या दिवशी कोरड्या सामानाचा नाश्ता करा. नाणं अर्ध्यावर अडकलं असेल तरीही मांस टाकाच.