विंधनविहिरीतील प्रेशर सेन्सर डेटालॉगरला जोडताना

विंधनविहिरीची पाणीपातळी सतत नोंदवायची असेल, तर पाण्यात सोडलेला, वरच्या पाण्याचा दाब मोजणारा प्रेशर सेन्सर आणि आकडे साठवणारा वरचा डेटालॉगर (लॉगर) यांच्यातील संवादासाठी एसडीआय-१२ ही सेन्सर आणि लॉगर जोडण्याची प्रमाणित पद्धत सोयीची पडते. तिला तीनच तारा लागतात: १२ व्होल्ट पुरवठ्याची, ग्राउंडची आणि डेटाची. वेग १२०० बॉड (सेकंदाला १२०० बिट), म्हणजे संथच. परंतु पंधरा मिनिटांतून एकदा दोन आकडे पाठवण्यासाठी तो पुरेसा आहे.

सेन्सर विहिरीत सोडण्याची घाई करू नये. जोडणी आधी टेबलावर तपासावी. नवीन सेन्सरचा पत्ता, म्हणजे तारेवरची त्याची ओळख, सहसा शून्य असतो, त्यामुळे दोन नवे सेन्सर एकाच वेळी डेटाच्या तारेवर जोडले तर दोघेही एकदम उत्तर देतात आणि लॉगरला काहीच उमगत नाही. म्हणून एकेक सेन्सर स्वतंत्रपणे जोडून, लॉगरच्या टर्मिनलमधून ‘०ए१!’ अशी आज्ञा देऊन (अक्षर इंग्रजी कॅपिटलच हवे) त्याचा पत्ता बदलावा आणि तो केबलवर चिकटपट्टीने लिहून ठेवावा.

त्यानंतर ‘१एम!’ ही आज्ञा द्यावी. उत्तर ‘१००२२’ आले, तर पहिला १ हा पत्ता, ००२ म्हणजे दोन सेकंदांच्या आत मोजमाप तयार होईल आणि शेवटचा २ म्हणजे दोन आकडे मिळतील, असा त्याचा अर्थ. मग ‘१डी०!’ विचारल्यावर ‘१+१२.३४५+२६.८’ असे काहीतरी येते. यातील कोणता आकडा दाब, कोणता तापमान आणि एकक मीटर की किलोपास्कल, हे सेन्सरच्या माहितीपत्रकावरूनच ठरवावे. एक किलोपास्कल म्हणजे सुमारे १०.२ सेंटिमीटर पाणी, त्यामुळे एककातील चूक सहज पकडता येते.

एसडीआय-१२च्या मानकात केबलची लांबी साधारण ६० मीटरपर्यंत धरलेली आहे. लॉगर त्याहून बराच दूर असेल, तर आरएस-४८५ (लांब अंतरासाठीची दोन तारांची जोडणी) वर मॉडबस ही संवादपद्धत घ्यावी. तिथे उत्तरच येत नसेल, तर पत्ता, वेग आणि पॅरिटी (चूक तपासणाऱ्या बिटाची निवड) पाहून झाल्यावर त्या जोडणीच्या ए आणि बी तारांची अदलाबदल करून पाहावी, कारण ही नावे सगळे उत्पादक सारख्या अर्थाने वापरत नाहीत. उत्तर येते पण आकडा अगदीच अचाट असेल, तर ३२ बिटांच्या संख्येचे दोन रजिस्टर (१६ बिटांचे कप्पे) उलट क्रमाने वाचले जात असण्याची शक्यता मोठी.

हवेच्या दाबाचा परिणाम वगळण्यासाठी केबलमध्ये बारीक नळी असेल, तर केबल कुठेही मुडपू देऊ नये आणि वरच्या टोकाची ओल शोषणारी सिलिका जेल वेळेवर बदलावी. ओल शिरलेल्या नळीमुळे लॉगरमध्ये नीटनेटके पण चुकीचे आकडे साठत राहतात.

सेन्सर सोडल्यावर टेपने केसिंगच्या (विहिरीतील नळीच्या) तोंडापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे. टेप १४.२० मीटर आणि सेन्सर आपल्यावरचे पाणी १२.३४५ मीटर दाखवत असेल, तर दोन्हींची बेरीज करून सेन्सरची खोली २६.५४५ मीटर धरून तीच लॉगरमध्ये भरावी, केबलवरच्या खुणा नव्हे. केबल ताणून स्थिरावते, म्हणून दुसऱ्या दिवशी हे मोजमाप पुन्हा घ्यावे.