माकुलसाठी जिग: रंगाआधी बुडण्याचा वेग पाहा

नागपुरातून कोकणात माकुल (स्क्विड) धरायला जायचं तर जिग, म्हणजे कापड गुंडाळलेलं, शेपटीला काटे असलेलं कोळंबीसारखं खोटं आमिष, ऑनलाइन मागवणं आलंच, आणि फोटोत रंगच तेवढे दिसतात. पण माकुल जिगला बिलगतं ते बहुतेक जिग खाली बुडत असताना. म्हणून आधी बुडण्याचा वेग बघा, मग साइज, रंग शेवटी.

जिगवर साइजचा आकडा असतो: २.५ म्हणजे अंदाजे १० ग्रॅम, ३ म्हणजे १५ आणि ३.५ म्हणजे २० ग्रॅम. आपल्या किनाऱ्यावरचं माकुल फार मोठं नसतं, त्यामुळे २.५ चा एक आणि ३ चे दोन घ्या. वारा असेल तेव्हासाठी ३.५ चा एक. साधा ३.५ एक मीटर बुडायला ३ ते ३.५ सेकंद घेतो, ‘शॅलो’ लिहिलेला ५ ते ६. खडकाळ उथळ जागी शॅलोच वापरा, नाहीतर दर फेकीला जिग अडकेल.

वेग घरीच तपासता येतो. २०० लिटरचा ड्रम काठोकाठ भरा, जिगला स्नॅप (दोरीला जिग अडकवायची छोटी क्लिप) आणि ढिली दोरी बांधून सोडा आणि मोबाइलवर व्हिडिओ काढा. नाक खाली, शेपटीचे काटे तिरके वर, अशा स्थितीत तो सरळ उतरला पाहिजे. गिरक्या घेत असेल तर पोटाखालचं शिसं वाकलंय. समुद्राचं पाणी जड, तिथे हाच जिग आणखी थोडा सावकाश बुडेल. फेकीचा सराव मात्र मोकळ्या मैदानात, तेवढ्याच वजनाचं नुसतं शिसं बांधून करा. फुटाळा तलावासारख्या गर्दीच्या काठावर काटे फिरवू नका.

रॉड ८ ते ८.५ फुटी, रील २५०० साइजचं, ब्रेड (विणलेली मुख्य दोरी) ०.६ किंवा ०.८ नंबरची, पुढे ८ ते १० पाउंडाचा फ्लुरोकार्बन लीडर (शेवटचा पारदर्शक तुकडा) सव्वा मीटर. टोकाला फक्त छोटा स्नॅप. जड स्विव्हल (दोरीला पीळ पडू न देणारी फिरती कडी) लावलं की नाक जास्त झुकतं.

पावसाचं गढूळ पाणी निवळल्यावर संध्याकाळी जेटीवर, उजेड आणि अंधार मिळतात त्या रेषेवर जिग टाका. पाणी ५ मीटर असेल तर ३ सेकंदांच्या हिशेबाने १५ अंकांत तळ लागतो. १२-१३ ला थांबा. रॉड दोन-तीनदा वर झटका, मग दोरी जेमतेम ताठ ठेवून ६-७ सेकंद जिग बुडू द्या. इथेच लोक घाई करतात. बुडता बुडता दोरी अचानक सैल पडली, ताणली किंवा बाजूला सरकली, की माकुल लागलं. रॉड लांब, संथ उचला. हिसका दिला तर काट्यात नुसता पायाचा तुकडा येतो. काट्यांना उलटे दात नसतात, म्हणून दोरी क्षणभरही सैल सोडू नका आणि रीलचा ड्रॅग (ओढ बसली की दोरी सोडणारा ब्रेक) हलका ठेवा. शाई पाण्यातच सोडू द्या, मग जाळी घाला.

स्वच्छ पाण्यात दिवसा तपकिरी, निळसर, गढूळ पाण्यात आणि तिन्हीसांजेला नारिंगी, गुलाबी, रात्री चमकणारा.

परतल्यावर जिग गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा. वाकलेले काटे बारीक पक्कडीने हळूच सरळ करा. मे महिन्यात पेटी गाडीच्या डिक्कीत ठेवू नका, कापडाचा डिंक सुटतो.